सहावीच्या बाईंची पाळी

"परत डोकं दुखतंय म्हणे हिचं. सप्टेंबरपासून रोजचंच आहे," शाळेतल्या जुन्या शिक्षिका हिदाबाई पडद्याकडे बघत पुटपुटल्या आणि रक्तदाब मोजायला हात माझ्यापुढे टाकला.

पडद्यामागच्या खाटेवर सहावीच्या मिनेगिशीबाई पडल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं असणारच. हिदाबाईंचं पुटपुटणं मैदानापर्यंत जातं.

मी जपानमधल्या या शाळेची नर्सबाई. मुलांच्या गुडघ्यांना पट्ट्या लावते आणि शिक्षकांची रडगाणी फुकटात ऐकते.

हिदाबाई गेल्यावर मिनेगिशी उठून बसली. चेहरा खडूसारखा.

"नुकुइबाई, काल थोडं रक्त गेलं. डॉक्टर म्हणाले, झोपून राहा."

"मग इथं काय करतेस?"

"रविवारी क्रीडादिन आहे ना. दोरी कोण फिरवणार?"

लांब दोरीवर सहावीचा अख्खा वर्ग एकदम उड्या मारतो. दोरीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला कोहारु. ही पोर पाचवीचं वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. एप्रिलमध्ये सहावी सुरू झाल्यापासून मिनेगिशी तिच्या दाराशी जायची, 'उद्या शाळेच्या जेवणात करी आहे गं' एवढंच सांगून परत यायची. जूनमध्ये पोरगी शाळेत आली. उड्या मारत नाही, पण दोरी अशी फिरवते की बघत राहावं.

"मी गेले तर ती परत घरात बसेल," मिनेगिशी म्हणाली.

पोटातल्या जिवाचं तिनं नावही घेतलं नाही. स्टाफरूममध्येही कुणी घेत नव्हतं. ठाऊक मात्र सगळ्यांना होतं. उपमुख्याध्यापक कुवाबारा सर हळू आवाजात फोनवर बदली शिक्षक शोधत होते आणि दर फोननंतर पोटाची गोळी घेत होते. आमच्याकडे बाळंतपणाचीही पाळी असते. जिचं लग्न आधी, तिचं मूल आधी. आणि सहावीचा वर्ग हाती असला, तर मार्चमध्ये मुलांना निरोप देईपर्यंत कुणाचंच नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, म्हणून तर सगळे पाळतात.

"कुवाबारा सरांना मी सांगू का?"

"नको. माफी मलाच मागायला हवी."

कशाची माफी, हे ओठांवर आलं होतं. मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या सकाळच्या सभेत ती उभी राहिली आणि कमरेत वाकली. "ऐन सहावीच्या वर्षात मी सगळ्यांना अडचणीत टाकते आहे. मला माफ करा."

"तब्येतीला जपा," कुवाबारा सर म्हणाले. "बदलीचं... बघू या."

"जपा हं," आणखी दोघं म्हणाले. बाकीचे टेबलाकडे बघत होते. हा वर्ग आता कुणाच्या गळ्यात, हा हिशेब प्रत्येकाच्या कपाळावर दिसत होता.

"मग दोरीचं?" संगीताचे सर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"रविवारपर्यंत मी फिरवते," ती घाईनं म्हणाली. "त्यानंतर रजा घेते."

कुणीही नको म्हणेना.

"नाही," मी म्हणाले. आवाज फाटलाच. "तिनं आजपासून झोपायचं आहे. आज म्हणजे आज."

मिनेगिशी परत वाकली. "माफ करा. खरंच, माफ करा..."

हिदाबाईंची खुर्ची करकरली.

"अगं, वाकशील तरी किती! आत कुणीतरी चेंगरतंय ना!"

"पण हिदाबाई, कोहारु..."

"तिच्यासमोर दोरी धरून मी उभी राहते. मला जमणार नाही, ती वैतागेल, माझ्यावर ओरडेल. ओरडू दे. घरी बसण्यापेक्षा बरं."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली, गृहपाठ न केलेल्या वर्गावरून फिरवावी तशी. "एवढी शिकलेली माणसं, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटत नाही."

त्या तिच्याकडे वळल्या. आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता, फक्त थोडा अडखळला.

"अभिनंदन, पोरी."