गणपतरावांनी निवडलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. जत्रेत डोळ्याला लावता तसली नव्हे. बंदुकीवर बसवायची, मिट्ट काळोखात बघणारी डिजिटल दुर्बीण. माझं नाव आता कुणी काढत नाही. का ते सांगते.

माझा जन्म परदेशी कारखान्यातला. कुणाच्या तरी बॅगेतून कोल्हापुरात आले आणि मंगळवार पेठेत वीरेश नावाच्या दुकानदाराच्या कपाटात, जुन्या कॅमेऱ्यांशेजारी बसले. २००८ च्या श्रावणात राधानगरीकडचे गणपतराव दुकानात आले. रानडुकरांनी सलग दोन वर्षं त्यांच्या भाताची नासाडी केली होती. पीकराखणीच्या परवान्याची बंदूक घरात होती, पण अंधारापुढे तिचं काही चालत नव्हतं.

भारनियमनाची वेळ होती. गल्ली काळीकुट्ट. वीरेशने मला आणि माझ्या एका स्वस्त बहिणीला खिडकीशी आणलं.

"हिच्यातनं पन्नास फुटाफुडं नुसतं धुकं. ही बघा, दोनशे फुटावरचं मांजर दिसतंय की!"

"भाईर उजेड पडत न्हाय न्हवं?"

"काजव्याएवढा बी न्हाय. पर मालक, पावसात जरा भुरकट दिसतंय हां."

"असू दे. मला बार घालायचा हाय, फोटू काढायचा न्हाय."

आपली निवड झाली म्हणून मी फुशारून गेले. तेव्हा मला अक्कल नव्हती.

ती बंदूक १९९१ पासून केरबाच्या हातात होती. केरबा म्हणजे गणपतरावांचा म्हातारा राखणदार. शेतातल्या माळ्यावर बसायचा. खसपस झाली की आधी हाळी द्यायचा, "कोण हाय रं?" अशी तीनदा. मग बॅटरीचा झोत, आणि मगच बार. बहुतेक डुकरं हाळीनेच पळत, आणि पुन्हा येत.

गणपतराव आता स्वतः माळ्यावर बसू लागले. केरबाला त्यांनी बजावलं, "रानात बॅटरी लावायची न्हाय, हाळी द्यायची न्हाय. डुक्कर बुजतंय."

"व्हय जी," केरबा म्हणाला. मालकाचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात दोन डुकरं पडली. गाव मला बघायला लोटलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

भाद्रपदात भात पोटरीला आलं आणि पावसाने दोन दिवस उसंत दिली नाही. त्या रात्री वरच्या वाफ्याचा बांध फुटायला आला. गणपतराव माळ्यावर होते. मालकाचं उभं पीक वाहून जाईल या काळजीने केरबा आपल्या खोपीतून उठला. पाठीवर पानांचं इरलं घेतलं, हातात फावडं घेतलं आणि रानात शिरला. सांगितल्याप्रमाणे बॅटरी नाही, हाळी नाही. वाकून बांधावर चिखल थापू लागला.

माझ्या काचेत एक कुबड हललं. भुरकट, पांढुरकं. इरलं पांघरून वाकलेला माणूस आणि माती उकरणारं डुक्कर पावसात सारखीच दिसतात, मित्रांनो. मी समोरचं दाखवते. ते काय आहे ते मला उमगत नाही. पण डुक्कर इतका वेळ एका जागी राहत नाही, एवढं मी त्या महिन्यात शिकले होते. मला भीती वाटली. ओरडा हो गणपतराव, एकदाच ओरडा, असं मनात घोकत राहिले. मला तोंड कुठे आहे?

बार झाला. कुबड कलंडलं आणि त्याच्याखालून एक हात वर आला. पाच बोटं होती.

गणपतरावांनी माळ्यावरून उडी टाकली आणि केरबाच्या नावाने टाहो फोडत चिखलातून धावले.

केरबा वाचला, पण त्याचा पाय मांडीपासून कापावा लागला. मी पोलिसांच्या कोठीत बारदानात बांधून पडले आहे. काचेवर बुरशी धरली आहे. इतर वस्तू म्हणतात, आम्हाला पुसा, जपा. मला पुसू नका. पुन्हा कुणाच्या बंदुकीवर तर मुळीच चढवू नका. आणि अंधारात काही हललं तर आधी विचारा, थांबा, पुन्हा विचारा.

दवाखान्यात केरबाने जबाब दिला, तो हवालदाराने इथे मोठ्याने वाचला होता. "मालकास्नी सोडा, सायेब. त्यास्नी मी दिसलोच न्हाय."

दिसला होता, मित्रांनो. मी दाखवला होता.