रुसलेला माऊस

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि सूनबाईचा माऊस काही केल्या दाद देत नव्हता. हातात चांगला इकडेतिकडे फिरत होता हो, पण पडद्यावरचा बाण ढिम्म!

बरोबर बारा वाजता तिकडे कारखान्यात कटिंग मास्तर थप्पी लावलेल्या कापडात सुरी घालणार होता. तीनशे शर्ट. त्यांचा पॅटर्न सूनबाईने कॉम्प्युटरवर काढून काल दुपारी पाठवूनही दिला होता, आणि तो चुकला होता. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, घट्ट झाला होता. एक बिंदू माऊसने पकडून खाली ओढायचा आणि पॅटर्न पुन्हा पाठवायचा, बस्स. बाराच्या आत गेला तर कुणाला काही कळणार नव्हतं. नाही गेला तर तीनशे माणसांना हात वर करता येणार नव्हते, आणि सूनबाईला त्या कारखान्यात तोंड दाखवता येणार नव्हतं.

मास्तरला फोन करून थांबवता आलं असतं की! पण हा मास्तर सासूबाईंच्या हाताखाली शिकलेला. तीस वर्षं त्या कारखान्यात सासूबाईंनी कापड कापलं होतं. फोन ठेवल्या ठेवल्या त्याने त्यांनाच कळवलं असतं. आणि सासूबाईंना हे कळण्यापेक्षा सूनबाईला तीनशे शर्ट स्वतः उसवणं परवडलं असतं.

कारण आठ दिवसांपूर्वी सासूबाई मागे उभं राहून एवढंच म्हणाल्या होत्या, "मुंढा काचेल गं हा."

"आई, तुमचा खडूचा जमाना गेला आता," सूनबाई फणकारली होती.

झालं. तेव्हापासून अबोला. चहाचा कपसुद्धा न बोलता पुढे यायचा, आणि जरा आवाज करूनच यायचा. काल रात्री सूनबाईने नमुन्याचा शर्ट नवऱ्याला चढवला. "मस्त झालाय," नवरोबा म्हणाले, आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले तर हात खांद्याच्या वर जाईना. तरी म्हणे मस्त! ती रात्रभर तळमळली.

आता मात्र तिने पदर खोचला. आधी माऊसच्या पोटातला सेल बदलावा म्हणून घर धुंडाळलं. नवा सेल मिळेना, तेव्हा स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळातला काढून घातला. लाल दिवा लागला, बाण हलला नाही. माऊस उलटा करून खालचं भिंग पुसलं. कॉम्प्युटरच्या मागे खोचलेला नखाएवढा रिसीव्हर उपसून दुसऱ्या खाचेत घातला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग नवऱ्याला फोन लावला.

"बंद करून चालू कर," नवरोबा म्हणाले.

"केलं."

"मग काय, परत एकदा कर."

तिने फोनच बंद केला. घड्याळाकडे बघितलं, अकरा दहा. अजून बराच वेळ आहे म्हणून जरा हुश्श करते तोच आठवलं, त्याचा सेल तर माऊसमध्ये आहे! पडद्याच्या कोपऱ्यात अकरा अडतीस झाले होते.

पण हार मानायची नाही म्हणजे नाही. दात ओठ खाऊन तिने माऊस गरागरा फिरवला, टकाटक बटणं दाबली.

"अगं बाई! ही राणी कुठे निघाली?" भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज आला. रोज या वेळेला त्या आपल्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळायच्या.

इकडे सूनबाईने वैतागून माऊस सोडला, तर बाण आपला आपणच उजवीकडे चालू लागला. तिने घाबरून दोन्ही हात मांडीवर घेतले. बाण फिरतोच आहे! मग तिच्या मनात काहीतरी आलं. बाण थांबल्यावर तिने बटण दाबून माऊस हळूच डावीकडे नेला.

"मेली पुन्हा पळाली!" पलीकडून आवाज.

उजवीकडे नेला.

"काय भूतबीत शिरलंय की काय यात?"

सूनबाई खुर्चीतून उठलीच. दोन्ही माऊस एकसारखे. नवऱ्याने एकावर एक फुकट म्हणून आणलेले. आणि काल गुरुवार होता. कारखान्यातल्या सवयीने दर गुरुवारी संध्याकाळी सासूबाई घरातली सगळी हत्यारं गोळा करायच्या, कात्र्या, पट्ट्या, टाचणीची डबी, आणि लख्ख पुसून जागच्या जागी ठेवायच्या. हल्ली त्यात माऊसही असायचे. अबोला चालू असतानाही त्यांनी सुनेची कात्री पुसली होती, पट्टी पुसली होती, माऊस पुसला होता. फक्त परत ठेवताना अदलाबदल झाली होती.

ती दारात जाऊन उभी राहिली. आठ दिवसांनी तिने तोंड उघडलं. "आई, तुमच्या हातातला माऊस माझा आहे."

सासूबाईंनी माऊसकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि काय झालं ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. "अगोबाई, माझ्याच हातून झालं. घे बाई तुझा."

माऊस घ्यायचा, खोलीत यायचं, बिंदू ओढायचा. अजूनही कुणाला कळलं नसतं. सूनबाईने हात पुढे केलासुद्धा. पण तो लख्ख पुसलेला माऊस बघून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"राहू द्या तुमच्याच हातात," ती म्हणाली. "मुंढा काचतोय. तुम्ही म्हणालात तस्साच. किती उतरवायचा ते मला कळत नाहीये, आणि बाराला मास्तर कापायला घेतोय."

सासूबाई टोमणा मारतील म्हणून तिने मान खाली घातली. पण त्या तिला बाजूला सारून माऊससकट तिच्या खोलीत शिरल्यासुद्धा. "नुसती उभी काय राहिलीस? बस खुर्चीत. तू धर, माझा हात थरथरतो. मी सांगते."

सुनेच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. बाण हलला. "खाली घे. अजून. पाऊण इंच. अगं, आता आत नको जाऊस... हां, तिथंच. सोड."

अकरा त्रेपन्न. पॅटर्नच्या खाली दोन रकाने असायचे, काढणार आणि तपासणार. काल सूनबाईने दोन्हीकडे तोऱ्यात स्वतःचंच नाव घातलं होतं. तिने खालचं नाव खोडलं आणि तिथे सासूबाईंचं पूर्ण नाव टाइप केलं.

"अगं, मी रिटायर झालेय ना!"

"पुसण्यातून कुठे झालात?" असं म्हणून सूनबाईने पाठवायचं बटण दाबलं. मग मात्र तिला रडूच फुटलं.

सासूबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले, आणि हातासरशी माऊसही पुसून तिच्यासमोर ठेवला.