खड्ड्याचं तोंड

कडूबाला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकायचा किडा चावला, तवा सगळ्यात जास्त हसली ती त्याची बायकोच. बस डेपोतला मेकॅनिक, अंगाला कायम ग्रीसचा वास, अन् हा बाबा दर रविवारी क्रांती चौकाकडं निघाला पुरातत्त्वाचा डिप्लोमा करायला.

"मढी उकरायला चाललात व्हय?" ती म्हणायची.

"व्हय की. तुझ्या माहेरचं एखादं घावलं तर डब्यात घालून आणतो."

माणूस असा. गंभीर गोष्ट त्याच्या तोंडात टिकतच नसे. सरांनी वर्गात जुन्या खापरांचा ढीग मांडला, तर यानं त्यात हॉटेलातल्या कपाचा तुटका कान सरकवून दिला. सरांनी तो उचलला, उलटापालटा केला अन् अगदी गंभीर तोंडानं सांगितलं, "निजामानंतरचा. कटिंग चहाचा काळ." तवापासून कडूबाचा सरांवर लई जीव.

त्या आठवड्यात सरांनी घरचा अभ्यास दिला. कुठं पाया, विहीर, नाला खणलेला असंल तिथं मातीचे थर मोजायचे अन् कागदावर काढून आणायचे. "खड्डा दिसला तर खाली किती गेलाय ते नंतर," सर म्हणाले. "आधी त्याचं तोंड बघा. जो थर फोडून खड्डा खाली गेलाय, त्या थराच्या नंतरचा तो. अन् जो थर त्याच्या तोंडावर न फुटता पसरलाय, त्याच्या आधीचा."

लांब जायची गरजच नव्हती. पडेगावला कडूबाचा थोरला भाऊ काकासाहेब मंगल कार्यालय बांधत होता. जुना गोठा पाडून जेसीबीनं पायाची चारी मारली होती, चार फूट खोल, सुरीनं खरवस कापावा तशी. रविवारी सकाळी काँक्रीटची गाडी यायची होती. कडूबा वर्गाला जायच्या आधी, सातलाच टेप, सुतळी, गवंड्याची करणी अन् फवारणीची बाटली घेऊन चारीत उतरला.

"काय रे कडू, गटार मापायलास का?" काकासाहेब वरून म्हणाला.

"अभ्यास हाय दादा. नापास झालो तर तुझ्या कार्यालयात वाढपी म्हणून ठिव."

काकासाहेब हसला अन् फोन कानाला लावून गेटाकडं गेला.

कडूबानं करणीनं चारीची भिंत तासली, वर पाणी मारलं. एकेक रंग उघडा झाला. खाली काळी माती. तिच्यावर वीतभर खडी. ती बापानं बहात्तरच्या दुष्काळात अंथरलेली. सगळ्यात वर चुना अन् शहाबादी फरशी. फरशी सत्त्याऐंशीची, दादाच्या दुसऱ्या लग्नाआधी आठ दिवस घाईघाईनं बसवलेली. गोठ्याला फरशी म्हणून तवा सगळं पडेगाव हसलं होतं. बैल घसरत होते तिच्यावर.

अन् मधेच मातीचा रंग बदलला. काळ्या-पिवळ्याची खिचडी, अडीच फूट रुंद, चारीच्या तळाखाली गेलेली.

"दादा, पेव घावलं!" कडूबा वरडला. जमिनीत धान्य साठवायचं जुनं पेव! वर्गात कुणाच्याच कागदावर असलं काही नसणार.

काकासाहेब आला तो जवळजवळ पळतच. फोन कानालाच, पण बोलत नव्हता. त्यानं खाली बघितलं.

"व्हय. पेवच," तो म्हणाला. "आपल्या आज्याचं. रझाकाराच्या येळंला जवारी दडवली व्हती त्यानं. काढ तुझं चित्र अन् वर ये. गाडी यायली."

कडूबानं शीळ घालत चित्र काढलं. खाली झोकात लिहिलं, 'पेव, अंदाजे १९४८.' मग खड्ड्याचं तोंड दाखवायला पेन्सिल वर नेली अन् शीळ थांबली.

पेव रांजणावानी असतं, तोंड निमुळतं अन् पोट मोठं. ह्याच्या कडा पेटीसारख्या सरळ होत्या. अन् खडी? खडीचा थर डावीकडून येत होता, खड्ड्यापाशी कापल्यासारखा थांबत होता अन् पलीकडं पुन्हा सुरू होत होता. मधल्या मातीत तीच खडी विखुरलेली. आज्जा पोलिस ॲक्शननंतर दोन वर्षांत गेला. त्यानं बहात्तरची खडी कशी फोडली?

वरचा चुना मात्र अखंड होता. साधी चीर नाही.

म्हणजे बहात्तरच्या नंतर अन् सत्त्याऐंशीच्या आधी. म्हैस पुरली असंल, कडूबानं स्वतःलाच सांगून बघितलं. पण ह्या घरानं मेलेलं ढोर कधी गोठ्यात पुरलं नव्हतं. त्या पंधरा वर्षांत ह्या घरातून एकच जीव नाहीसा झाला होता. शहाऐंशीचा पोळा झाला अन् दुसऱ्या दिवशी मनकर्णा वहिनी, दादाची पहिली बायको, दिसली नाही.

कडूबाला आई आठवत नव्हती. त्याला न्हाऊ घातलं, शाळेत धाडलं ते वहिनीनं. न सांगता गेली म्हणून पोटात राग होता. त्या रागात हॉटेलात चार माणसं हसवायला त्यानं सोडून दिलं, "गेली असंल टरकवाल्यासंगं." माणसं हसली. आठ दिवसांत सगळा गाव तेच बोलायला लागला. तिच्या माहेरच्यांनी मान खाली घातली. कुणी शोधलीच नाही तिला.

कागदावर सावली पडली. काकासाहेब काठावर उभा होता.

"दादा, वहिनी कुठं गेली रे?"

"आता हे काय काढलंस? टरकवाल्यासंगं. तूच तर सांगितलंस गावाला." काकासाहेब हसला. "तवा तू व्हतास म्हणून निभावलं बघ. आण, बघू तुझं चित्र."

कडूबानं कागद वर दिला. काकासाहेबानं उभी हयात लोकांच्या विहिरी खणल्या होत्या. मापाचा कागद हातात आला की नजर आपोआप आकड्यावर जायची.

"ही खालची तुटक रेघ?"

"अंदाज हाय. पाच फूट धरलंय."

"पाच कुठलं? साडेसहा," काकासाहेब मजुराची चूक काढावी तसा म्हणाला. "पुढं खडक लागला म्हणून थांब..."

अन् थांबला.

गेटातून काँक्रीटची गाडी मागं मागं येत होती. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "मालक, कुठून सुरू करू?"

"हितून," काकासाहेब म्हणाला. त्याची नजर कडूबावरून हलली नाही. "आधी हितून. कडू, वर ये."

कडूबा खड्ड्याच्या मातीला पाठ लावून खाली बसला. पाय पसरले. खिशातून मोबाईल काढला अन् पोलिसाचा शंभर नंबर लावला. दोनदा चुकला.

"वर ये म्हणतो ना! भाऊ हाईस माझा!"

"व्हय," कडूबा म्हणाला. उठला नाही.

वरून गाडीची लोखंडी पन्हळ फिरत आली, त्याच्या डोक्यावर थांबली. तिच्या टोकातून सिमेंटचं पाणी टपटपलं, त्याच्या खांद्यावर, गुडघ्यावर.

"ओत," काकासाहेब म्हणाला.

"मालक, खाली माणूस हाय की!"

"एक नाय," कडूबा खालून म्हणाला. "दोन हायत."

ड्रायव्हरला वाटलं खालचे काका चेष्टा करायलेत. तो हसायला लागला. मग त्यानं कडूबाचं तोंड बघितलं, काकासाहेबाचं बघितलं अन् मशीन बंद केलं. फोनमधून पलीकडं कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं.