जपमाळेवरचं पाणी

हेंद्रेपाड्यातल्या त्या सोसायटीला विंगा दोन, गच्चीवरची टाकी एक आणि चेअरमन हरिचंद्रभाऊ ए विंगमधले. बाकीचं गणित नव्या भाडेकरूलाही पहिल्याच सकाळी कळायचं. वॉचमन बारकू सहाला ए विंगचा व्हॉल्व्ह उघडायचा. बंद करायची वेळ झाली की खिडकीतून भाऊंचा आवाज यायचा, "दोन मिनिटं थांब रे." त्या दोन मिनिटांत भाऊंची दाढी, आंघोळ आणि स्कूटर धुणं, सगळं उरकायचं. मग तळाशी उरलेलं पाणी बी विंगला. चौथ्या मजल्यावर, अगदी टाकीच्या पायाशी राहूनही, सुषमाच्या नळाला करंगळीएवढी धार यायची. देवाचा तांब्या भरेपर्यंत तीही आटायची.

रविवारच्या मीटिंगमध्ये बी विंगवाले एकदाचे उसळले. व्हॉल्व्हची चावी आमच्याकडे द्या म्हणाले. ए विंगवाले म्हणाले, मग आम्ही काय टँकर मागवायचा? अर्धा तास असा गेला. शेवटी भाऊंनी हात वर केला. "चावी आपण सुषमावहिनींकडे देऊ. बी विंगच्याच आहेत, झालं समाधान? आणि देवभोळ्या आहेत, कुणाशी भांडायच्या नाहीत."

भाऊंचा हिशेब सरळ होता. ज्या बाईचा आवाज शेजारच्या खुर्चीवर ऐकू येत नाही, तिला खिडकीतून दोन मिनिटं मागणं बारकूपेक्षाही सोपं.

सुषमाने मान डोलावली, पण घरी आल्यावर तिला घोर लागला. तिचा नवरा हेमंत म्हणाला, "घड्याळ लावून बस. वीस मिनिटं त्यांना, वीस आपल्याला."

"अहो, घड्याळाशी बोलता येतं सगळ्यांना," सुषमा म्हणाली. "माझं पाच मिनिटं मागे आहे, तुझं पुढे आहे, असं."

तिचा रोजचा नेम अकरा माळांचा. जपाला बसलं की उठायचं नाही, बोलायचं नाही, हे लग्नाआधीपासूनचं. दुसऱ्या दिवशी तिने आसन गच्चीवर नेलं. ए विंगचा व्हॉल्व्ह उघडला आणि पाच माळा ओढल्या. मग तो बंद करून बी विंगचा उघडला, आणखी पाच. अकरावी माळ तेवढी स्वतःची.

पाचवी माळ सरत आली तशी खालून हाक आली, "वहिनी, दोन मिनिटं." वर नुसती माळ फिरत होती. "वहिनी, ऐकताय ना?" शेवटी भाऊ पंच्यावर, अर्ध्या चेहऱ्याला साबण लावून, जिना चढून वर आले. "अहो, एवढा साबण तरी धुऊ द्या."

सुषमाने डोळे मिटलेलेच ठेवले. शेवटचा मणी झाला, हात व्हॉल्व्हकडे गेला, पाणी बंद. भाऊ साबणासकट खाली गेले. त्या दिवशी चौथ्या मजल्यावर बादलीच्या काठावरून पाणी सांडलं. हेमंत ते सांडलेलं बघतच उभा राहिला.

आठवडाभर असंच चाललं. बी विंगेत सुषमाला बघून बायका पदर सावरू लागल्या. मग एका संध्याकाळी ए विंगच्या तळमजल्यावरची यशोधरा भाजी घेऊन येताना भेटली. नगरपालिकेच्या शाळेतली बाई, बोलणं मोजकं.

"सुषमाताई, राग मानू नका. आमच्या विंगला तुमचा मणी पळतो, तुमच्या विंगला चालतो."

"काहीतरीच. माळ तीच, नाव तेच."

"गच्चीवर कपडे वाळत घालताना पाच दिवस बघतेय. तुम्ही एकदा बघा."

सुषमाने दुसऱ्या दिवशी मोबाइल आसनाशेजारी ठेवला. ए विंग, सतरा मिनिटं. बी विंग, बावीस. आपल्या नळाचं पाणी म्हटल्यावर तिची जीभ आपोआप सावकाश झाली होती, एकेक नाव साखरेसारखं विरघळवत. तिला स्वतःचीच लाज वाटली. चहा निवून गेला.

"सांगू नकोस," हेमंत म्हणाला. "चावी परत भाऊंकडे जाईल. मग भर त्या करंगळीखाली बादल्या."

तिलाही तीच भीती होती. दोन दिवस तिने मुद्दाम दोन्ही विंगांना मणी सारख्याच वेगाने चालवून पाहिले, तर जपात देव कुठे सापडेना, नुसती मिनिटं. रविवारी मीटिंगमध्ये ती उभी राहिली आणि सगळं सांगितलं. लोकांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

भाऊंचा चेहरा उजळला. "प्रामाणिकपणाबद्दल वहिनींचे आभार. तर मग चावी पूर्वीसारखी..."

"माझं झालं नाही, भाऊ." सुषमा खाली बसली नव्हती. "ज्याच्या घरात पाणी जातं, त्याचा हात व्हॉल्व्हवर नको. ए विंगचा माझ्याकडे राहू दे. बी विंगचा यशोधराताईंकडे द्या."

"मला कुठे जप येतो?" यशोधरा म्हणाली.

"तुमची सकाळची बुद्धवंदना आहे ना? किती वेळ चालते?"

"सगळी सुत्तं धरून वीसेक मिनिटं."

"ए विंगचा माझा जप सतरा मिनिटांचा होता, आता वीसचा करीन."

मागून कुणीतरी बोललं, "आणि नाही केलात तर?"

"तर त्यांची वंदनाही लवकर संपेल," सुषमा म्हणाली. यशोधरा आधी हसली, मग सगळेच. भाऊंनी मतं मोजली. मोजण्यासारखं काही नव्हतं, सगळे हात वरच होते, त्यात त्यांच्या बायकोचाही.

सोमवारी सहाला दोघी गच्चीवर आल्या. सुषमाच्या पाच माळा अगदी ठाय लयीत झाल्या. भाऊ वर आले नाहीत. त्यांनी दाढी आदल्या संध्याकाळीच उरकली होती. मग ए विंग बंद झाली, यशोधराने बी विंगचा व्हॉल्व्ह उघडला, हात जोडले आणि शांत आवाजात वंदना सुरू केली.

सुषमाला खरं तर खाली जाऊन बादल्या लावायच्या होत्या. पण उरलेल्या सहा माळा हातात होत्या आणि त्यांच्यावर आता कुणाचं पाणी नव्हतं. ती तिथेच बसली. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा यशोधरा व्हॉल्व्ह बंद करून कधीची निघून गेली होती आणि खालून हेमंत हाका मारत होता, पिंपासकट सगळं भरलंय, आता उतरतेस का.