मोठ्यानं बोल, बाळा

साथ आली आणि चर्चच्या दाराला कुलूप लागलं. लावलं कुणी? गल्लीतल्या किल्लीवाल्यानंच. स्वतःच्या हातानं बसवलेलं ते कुलूप त्यानं झोपेतही उघडलं असतं. पण वर पालिकेनं शिक्का मारलेला कागद चिकटवला होता. कुठल्याही कुलपाला किल्ली निघते हो, चिकटवलेल्या सरकारी कागदाला अजून कुणाला घडवता आलेली नाही.

रविवारी फादर आपल्या घरातल्या आतल्या दारानं वेदीपाशी जायचे. सोबत दोघांनाच परवानगी: ऑर्गन वाजवायला बेकरीवाला आणि फोन धरायला शिंपिणीची लेक. बाकी सगळा धर्मग्राम, चर्चची झाडून मंडळी, आपापल्या घरी फोनपुढे गुडघे टेकून. मिस्सेचं, म्हणजे रविवारच्या उपासनेचं, असं भागलं. पण कन्फेशनचं, पापाच्या कबुलीचं काय? पाप काही फोनवरून पाठवता येत नाही.

फादरांनी तोड काढली. फाटकाच्या आत अंगणात एक खुर्ची, फाटकाबाहेर गल्लीत दुसरी, आणि मध्ये दोन म्हशी ऐसपैस बसतील एवढी जागा. तोंडाला मास्क. सगळं अगदी नियमात. गोची एकच होती. फादरांचा एक कान केव्हाच निवृत्त झाला होता आणि दुसरा कायम रजेवर असायचा. चर्चमधल्या कन्फेशनच्या खोपट्यात जाळीला तोंड लावून पुटपुटलं तर त्यांना कळायचं. इथं कसलं कळतंय?

पहिली बसली शिंपीण. "फादर, मी हेवा केला."

"मोठ्यानं बोल, बाळा!"

"हेवा केला! शेजारणीचा!"

वरच्या खिडकीतून आवाज आला, "कुठल्या शेजारणीचा गं?"

शिंपिणीनं मान वर करून जे उत्तर दिलं, ते फादरांच्या रजेवरच्या कानालाही ऐकू गेलं. ते उठून फाटकाशी आले आणि सगळ्या खिडक्यांना म्हणाले, "चुकून ऐकलंत किंवा कान लावून ऐकलंत, ज्याच्या कानावर कन्फेशन पडलं तो गुपित राखायला माझ्याइतकाच बांधला गेला. एक शब्द जरी तोंडातून काढलात, तर त्या पापाचं कन्फेशन इथंच. ह्याच खुर्चीवर."

गल्लीची दातखीळ बसली. आणि सांगणारे सांगतात, महिन्याभरात गल्लीतलं पाप निम्म्यावर आलं. वाकडं पाऊल टाकण्याआधी माणूस थबकायचा, हे आपल्याला ओरडून सांगता येईल का म्हणून. खुर्चीवर येणारी पापंही मग नीट धुऊन-पुसून, चारचौघांत नेण्यासारखी येऊ लागली. जेवणाआधीची प्रार्थना चुकली. सासूला उलट बोलले, पण हळू बोलले.

किल्लीवाल्याकडे असलं एकही पाप नव्हतं. एक होतं ते जुनं, आणि ते त्याच्या भावाचं होतं. म्हणजे केलं ह्यानं, भोगलं भावानं.

बेकरीवाला त्याचा सख्खा थोरला भाऊ. घरं समोरासमोर, पण बोलणं सुईच्या नेढ्यातून ओवता येईल एवढंच. दादा वर्षानुवर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. ह्या ऑर्गनचा एक सूर फार वर्षांपूर्वी अचानक मुका झाला. बोट दाबावं तर नुसती हवा. आणि नशीब बघा, लोकांच्या आवडत्या गीतात तो सूर नेमका 'प्रभू'मधल्या 'भू'वर यायचा. दादा इरेला पेटलेला माणूस. ऑर्गन गात नाही? मग मी गातो! तो 'प्र'पर्यंत वाजवायचा आणि 'भूऽऽ' असा स्वतःच गरजायचा. बाहेरची कुत्री त्याला उत्तर द्यायची. पुढं पुढं तर कुत्र्यांनाही मिस्सेची वेळ पाठ झाली. लोक हसू दाबायचे. दादाला मात्र मनातून वाटायचं, आपलं बोटच अधू झालंय आणि कारागिराला बोलावलं तर तो तेच सांगेल. म्हणून त्यानं कधी कुणाला बोलावलंच नाही.

ऑर्गन मुका का झाला, हे जगात एकट्या किल्लीवाल्याला ठाऊक होतं. आणि तो मिठाची गुळणी धरून बसला होता.

एके दिवशी वहिनी खिडकीखाली येऊन उभी राहिली. दोन भावांच्या अबोल्यात ती कुणाच्याच बाजूची नव्हती, ती पावाच्या बाजूची होती. किल्लीवाल्यानं दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली.

"भावोजी, आज पाव जरा करपलेत. भट्टीवर मीच होते."

"का? दादा?"

"रात्रभर खोकत होते. चाचणीला दिलंय. निकाल यायचाय." टोपली वर जाताना ती म्हणाली, "घाबरू नका. आणि घाबरायचंच असेल तर समोर येऊन घाबरा, तेवढंच त्यांना बरं वाटेल."

टोपली वर आली, पण किल्लीवाल्यानं पावाला हात लावला नाही. दादाला काही झालं तर? तो तसाच गेला तर, आपलं बोट अधू होतं असं मानून?

त्यानं भर दुपारची वेळ निवडली. बेकरी बंद, गल्ली झोपलेली. असं त्याला वाटलं. अहो, महिनोन् महिने घरात कोंडलेली माणसं दुपारी कशाला झोपतात? झोप काढून काढून संपली होती सगळ्यांची.

तो खुर्चीवर बसला आणि हळूच म्हणाला, "फादर, मी ऑर्गनमध्ये मोजा कोंबला."

"मोठ्यानं बोल, बाळा!"

"मोजा." त्यानं स्वतःच्या पायाकडे बोट दाखवलं.

"पाय दुखतोय?"

"मोजा! मोजा कोंबला! ऑर्गनच्या नळीत!"

"मोजा?" फादर उभेच राहिले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय तेही कळत नाही. "तुझा? ऑर्गनमध्ये? अरे, का?"

आता लपवण्यासारखं उरलं होतं काय? "दादानं मला सगळ्यांसमोर सांगितलं, तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव! मग ऑर्गनच्या झाकणाचं कुलूप दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा... चिंधी सापडेना, म्हणून पायातला काढला!"

फादरांनी बराच वेळ मास्कवर हात दाबून धरला. खांदे गदगदत होते. ते दुःखानं, असं आपण धरून चालू. मग म्हणाले, "जे कोंबलंस ते काढ. आणि ज्याचं बिघडवलंस, त्याला स्वतःच्या तोंडानं सांग. हेच तुझं प्रायश्चित्त."

क्षमा घेऊन किल्लीवाला वळला. समोरच्या खिडकीत दादा उभा होता. हातात चहाचा कप, तोंडात चहा, आणि तो गिळायचा राहून गेलेला.

गल्लीनं फादरांचा हुकूम पाळला. कुणी एक शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी जवळजवळ प्रत्येक घराच्या वाळत घालायच्या दोरीवर एकेक मोजा लटकत होता. एकच. शिंपिणीच्या दोरीवर लाल, वरच्या शेजारणीकडे पट्ट्यापट्ट्यांचा, आणि पाळण्यातल्या बाळाच्या घरी अंगठ्याएवढा. फादर अंगणात आले, त्यांनी गल्लीभर नजर फिरवली आणि निमूट आत गेले. मोज्यांबद्दल धर्मशास्त्रात काही लिहिलेलं नाही.

किल्लीवाल्याला ह्या मोज्यांचं काही नव्हतं. त्याचा जीव अडकला होता दादाच्या दोरीत, आणि तीच रिकामी होती. चाचणीचा निकाल आला. आजार नव्हता, खोकला पिठाचा निघाला. तरी दोरी रिकामीच. दादा खिडकीशी यायचा, गल्लीतले मोजे बघायचा आणि आत जायचा.

शेवटी किल्लीवाल्यानंच खिडकी उघडली. "दादा, तुला एक सांगायचंय."

"मला? काय बुवा? मला तर काहीच माहीत नाही." दादानं कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोल. हल्ली कमी ऐकू येतं मला."

कमी! ज्याला भट्टीत पाव फुगल्याचा आवाज येतो, त्याला!

"मी ऑर्गनमध्ये मोजा कोंबला!"

"काऽऽय?"

"मोजा! मी कोंबला! तुझं बोट चांगलं होतं रे दादा, पहिल्यापासून चांगलं होतं!"

खिडक्या एकेक करून उघडल्या होत्या, पण कुणी हसलं नाही. दादानं हात खाली घेतला, उजव्या हाताचं बोट डोळ्यांपुढे धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं. हरवलेली वस्तू सापडावी तसं.

"तुझा आवाज तेव्हाही फुटका होता," तो म्हणाला, "आणि आजही फुटका आहे."

किल्लीवाल्यानं मान खाली घातली.

"पण ते चारचौघांत बोलायला नको होतं मी." दादा खाकरला. पीठ असावं. "रविवारी ये. फादरांना सांगतो, ऑर्गनला कारागीर लागणार आहे म्हणून."

पाठीमागून वहिनी म्हणाली, "बाई गं! एवढंसं बोलायला दोघांना जगभर साथ यावी लागली."

रविवारी किल्लीवाल्यानं नळीत चिमटा घातला आणि मोजा ओढून काढला. धुळीनं काळा पडलेला, उंदरांनी टाचेकडून चाखून पाहिलेला. दादानं तो मुकाट खिशात टाकला आणि गीत सुरू केलं. घराघरांत फोनपुढे माणसं श्वास रोखून बसली. 'प्र...' आणि ऑर्गन खणखणीत बोलला. पण सवय कुठं जाते? दादाही त्याच क्षणी 'भूऽऽ' करून गरजला. बाहेर कुत्र्यांनी आपलं काम चोख केलं.

"आता तूही तोंड उघड," वाजवता वाजवताच दादा पुटपुटला.

किल्लीवाल्याच्या तोंडावर मास्क होता. त्यानं नुसते ओठ हलवले असते तरी कुणाला कळलं नसतं. पण तो गायला. असा गायला की गल्लीतल्या निम्म्या घरांनी फोनचा आवाज कमी केला, आणि ते भक्तिभावानंच केलं असं सगळे अजून शपथेवर सांगतात.

दुसऱ्या दिवशी दादाच्या दोरीवर एक मोजा वाळत होता, धुतलेला, चिमट्यात नीट अडकवलेला. किल्लीवाला खिडकीतून ओरडला, "दादा, माझा मोजा दे की!"

दादानं पावाच्या ताटावरून मान वर केली. "कुठला मोजा? मला बाबा काहीच माहीत नाही."