चोर चिखलात निजला होता

मित्रांनो, मी मासे धरायचं एक जुनं ओढजाळं आहे. आज कारल्याच्या मांडवावर पडून आहे, पण माझा राग काही वाळलेला नाही.

आर्वीकडच्या एका खेड्यात धुरपता ढिवरिणीनं मला दोन हिवाळे बसून विणलं. त्र्याहत्तर सालच्या वैशाखात गावतलाव आटला, मधोमध तेवढा चिखल उरला. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष लक्ष्मणराव म्हणाले, "झालं तळं साफ! पाणी भरलं का रोहूचं बीज सोडू."

"भाऊ, मरळ मासा चिखलात दडून जिवंत राह्यते," धुरपता म्हणाली. "तो बाकीच्याईले खाते. आधी चिखल उपसा."

"चिखलात मासे पेरले काय तुह्या बापानं?"

सगळे खदाखदा हसले. हसा लेकहो!

पावसात तलाव भरला. धुरपताच्या नवऱ्यानं, सोनबानं, नागपूरहून बोटभर पिल्लांचे डबे आणून पाण्यात सोडले. पोळ्यानंतर मला ओढलं, तर नुसतं शेवाळ! लक्ष्मणराव गरजले, "सोनबानं बीज वाटेतच इकलं!" वर मला फाटकं म्हणून लाथ हाणली. त्या दिवसापासून सोनबाला पारावर कोणी चिमूटभर तंबाखू देईना. बिचारा मान खाली घालून घरी बसला.

धुरपतानं दात-ओठ खात मला सांधलं, तळाला जड दगड बांधले. सकाळी साऱ्या गावासमोर म्हणाली, "लक्ष्मणभाऊ, त्या टोकाले तुमीच धरा."

नाही कसं म्हणतील? छातीभर पाण्यात उतरले. मी तळ खरवडत निघालं आणि धाडकन पोटात काहीतरी आदळलं. हातभर लांब मरळ! त्याच्या हिसक्यानं अध्यक्ष पाण्यात उताणे. मी त्या मरळाला असं आवळलं, की विचारू नका.

धुरपतानं तो लक्ष्मणरावांच्याच ओट्यावर चिरला. पोटात रोहूची चार पिल्लं, अर्धी पचलेली.

"घ्या तुमचा चोर! माह्या माणसाचं नाव काऊन घेतलं?"

अध्यक्ष ओलेतेच घरात शिरले.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं कोणाचं ऐकलं नाही. कमरेएवढं पाणी असतानाच मोहाच्या बियांची, तेल काढून उरलेली ढेप भिजवून तलावात टाकली. ढेपेच्या विषानं मरळ तोंड वासत वर आले. तीन दिवस मी त्यांना वेचत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग विष उतरेपर्यंत वीस दिवस थांबून नवं बीज सोडलं. होळीला एका ओढीत दोन माणसांना उचलेनात इतके रोहू निघाले.

मित्रांनो, नवं बीज टाकण्याआधी तळ नीट पाहा. माणसाला चोर म्हणण्याआधीही पाहा. आणि जुन्या जाळ्याला लाथ मारू नका, सांधून ठेवा.

त्या होळीला लक्ष्मणरावांनी स्वतः तंबाखूची डबी पुढे केली. सोनबानं डबीकडे पाहिलंही नाही.

"राहू द्या भाऊ," तो म्हणाला, "सवय सुटली आता."