देवूच्या नावाची दोन मिनिटं

काचेवर उजेड चमकत होता म्हणून जागृतीनं तसबीर खिळ्यावरून उतरवली, दारात आणली आणि उंबऱ्याला टेकवून उभी केली. फोटो लग्नातला होता. बाशिंग बांधलेला देवू, शेजारी मान खाली घातलेली पारू. जागृती मोबाइल घेऊन गुडघ्यांवर बसली आणि शेजारचा खांदा येणार नाही अशा बेतानं तिनं नुसता देवूचा चेहरा टिपला.

“मना काढून टाकला?” मागून पारू म्हणाली.

“पडद्यावर त्यांचाच दाखवायचाय, ताई.”

पारूनं काच पदरानं पुसली आणि तसबीर पुन्हा भिंतीला लावली. सालवडमधली ही भाड्याची खोली ती सोडणार होती. मनोरच्या पलीकडे पाड्यावर सासऱ्याचा पावसावरचा शेताचा तुकडा होता, तिथे जायचं ठरलं होतं. भांडी गोणीत भरून झाली होती.

देवू तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होता. गेल्या महिन्यात टाकी साफ करायला दोघं खाली उतरले. आत वायू साचलेला होता. एक जण वर आला. देवू आला नाही. कारखान्याचा रौप्यमहोत्सव त्याच्या आधीच ठरलेला. सभागृह, गायक, बाहेरचे पाहुणे, सगळंच. कार्यक्रम काही पुढे गेला नाही. त्यात श्रद्धांजलीची दोन मिनिटं घालण्यात आली, एवढंच.

कार्यक्रमाचं काम बोईसरच्या मेहुलभाईंकडे होतं आणि जागृती त्यांच्याकडे कॉलेजच्या शेवटच्या सत्रातला प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेत होती. इव्हेंट मॅनेजमेंटची पदवी घ्यायची असं तिनं बारावीनंतर जाहीर केलं, तेव्हा मुरबे गावातल्या नातेवाइकांनी तिच्या बापाला धारेवर धरलं होतं. लग्नं-बारशी लावायला कॉलेज कशाला लागतं, म्हणून. तिचे वडील कमलाकांत जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “पोरगीला दर्या नको, मानसं पायजेत. शिकू दे.” त्या एका वाक्यावर ती तीन वर्षं शिकली होती. आणि हा कार्यक्रम नीट पार पडला तर तुला कायमची ठेवून घेतो, असं मेहुलभाईंनी सांगितलं होतं.

तिनं पारूला सगळं समजावून सांगितलं. मंचावर मधोमध एक खुर्ची असेल. मी हात धरून तुम्हाला तिथे बसवीन. दिवे मंद होतील, तुमच्यावर तेवढा उजेड राहील. मागे पडद्यावर देवूदादांचा फोटो. सगळे उभे राहतील. मग कारखान्याचे साहेब येऊन शाल देतील.

पारू लक्ष देऊन ऐकत होती. नवं काम समजून घ्यावं तशी.

“मंग मी रडायचां कवा? उजेड पडला का, का शाल दिल्यावर?”

जागृतीनं उगाचच मोबाइलमध्ये पाहिलं. असा प्रश्न तिला वर्गात कुणी विचारला नव्हता. “असं काही नाही ताई,” ती कशीबशी म्हणाली.

“तुमी सांगाल तसां करीन. पन माझा येक काम करशील, बाय?” पारू तिच्या समोर खाली बसली. “तो हितेश. माकुणसारचा. त्याचे संगती टाकीत उतरला होता, तो वाचला. मी फोन लावते, तो उचलत नाय. तो येल का तिकडं?”

“काय काम होतं त्याच्याकडे?”

“इचारायचां हाय. शेवटाला काय बोलला.”

ठेकेदाराच्या माणसांना कार्यक्रमाचं बोलावणं नव्हतं. जागृतीला ते ठाऊक होतं. पाहुण्यांच्या प्रवेशाचं काम तिच्याकडेच होतं. रिक्षात बसल्यावर तिनं स्वतःच्या फोनवरून हितेशला फोन लावला. अनोळखी नंबर म्हणून त्यानं उचलला. पारूताईंना तुम्हाला भेटायचंय, कार्यक्रमाला या, असं तिनं त्याला सांगितलं.

“कुठल्या तोंडानं येऊ?” तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

तरीही तिनं सभागृहाच्या फाटकावरच्या रखवालदाराला त्याचं नाव सांगून ठेवलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरून गेलं होतं. गणेशवंदना झाली, कारखान्याच्या वाटचालीची चित्रफीत झाली, जुन्या कामगारांचे सत्कार झाले. मंचामागच्या अरुंद जागेत पारू पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. धुवट निळं लुगडं, कपाळ मोकळं. कुणीतरी आणून दिलेला सरबताचा ग्लास तिनं दोन्ही हातांत तसाच धरून ठेवला होता. जागृतीच्या कानाला हेडसेट होता आणि त्यातून मेहुलभाईंचा आवाज सारखा येत होता. हार आणा. माइक बदला. आता श्रद्धांजली, तयार राहा.

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल थरथरला. फाटकावरचा रखवालदार होता.

“मॅडम, वो हितेश करके आया है। अंदर आने को बोला तो आता नहीं। वापस जा रहा है।”

मंचावर निवेदिका बोलू लागली होती. तिचा आवाज मघापेक्षा खाली उतरला होता. दिवे मंद झाले, आणि मधोमध ठेवलेल्या खुर्चीवर एक गोल उजेड येऊन थांबला. मंचाच्या पायऱ्या जागृतीपासून हाताच्या अंतरावर होत्या.

तिनं पारूकडे पाहिलं.

“तो आलाय. फाटकाशी आहे. पण परत निघालाय.”

पारू उठली. ग्लास कुठे ठेवावा हे तिला सुचेना, तेव्हा जागृतीनं तो काढून घेतला आणि जमिनीवर ठेवला. दोघी मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि जेवणाच्या मंडपाला वळसा घालून जवळजवळ धावतच फाटकाकडे निघाल्या.

“जागृती, बाईंना पाठव,” कानात मेहुलभाई म्हणाले. “उजेड लागलाय. जागृती? अरे, कहाँ है वो?”

“त्या येणार नाहीत,” ती धापा टाकत म्हणाली.

“काय? साहेब उभे आहेत! सगळे उभे आहेत!”

तिनं हेडसेट ओढून गळ्यात घेतला.

हितेश फाटकाच्या बाहेर रस्त्यावर पोचला होता. सडपातळ, चेहरा ओढलेला. पारूला पाहून तो जागीच थांबला आणि त्यानं मान खाली घातली. जागृती फाटकाशीच उभी राहिली. बोईसरच्या बाजूनं टँकर आले, गेले. आतल्या सभागृहात इतकी माणसं होती, तरी बाहेर काहीही ऐकू येत नव्हतं.

मग हितेश बोलायला लागला. शब्द तुटत होते.

“माजा हात शिडीला लागत नव्हता, वयनी. त्यानं खालशी पाय उचललं माजं. खांद्यावर घेतलं.”

“काय बोलला?”

“‘चढ’ बोलला.”

“आनिक?”

“नाय. तेवडाच. ‘चढ’.”

पारू तिथेच रस्त्याच्या कडेला बसली. पदर तोंडात धरून बसली आणि तिचे खांदे हलू लागले. हितेश तिच्यापासून थोडा दूर मातीत बसला. जागृतीनं पाठ फिरवली आणि फाटकाला टेकलेल्या रखवालदारालाही नजरेनं दुसरीकडे पाहायला सांगितलं.

बऱ्याच वेळानं तिला पारूचा आवाज ऐकू आला.

“जेवतोस ना नीट?”

पाहुणे पांगले तेव्हा मेहुलभाई जागृतीला शोधत आले. आता काय ऐकावं लागणार याची तिनं मनाची तयारी केली होती. मेहुलभाई तिच्यासमोर उभे राहिले आणि हसले.

“साहेब काय बोलले ठाऊक आहे? पंचवीस वर्षांत असं पाहिलं नाही, बोलले. ती रिकामी खुर्ची, तिच्यावर तो उजेड. बायका रडत होत्या. साहेबांनी शाल खुर्चीवरच ठेवली. मला विचारलं, कल्पना कुणाची? मी तुझं नाव सांगितलं.”

“मेहुलभाई, मी…”

“मला आधी का नाही बोललीस ते सोड. माझा जीव गेला होता वर. पण जमलं! कॉलेजच्या रिपोर्टमध्ये घाल हे. आणि परीक्षा झाली की ये, तुझी जागा पक्की.”

ते घाईनं पुढे गेले. आत माणसं मंच उतरवत होती. जागृतीनं खुर्चीवरची शाल उचलली, घडी घातली आणि ती घेऊन फाटकाकडे गेली. पारूनं शाल हातात घेतली, कड बोटांनी चाचपली आणि शेजारी बसलेल्या हितेशच्या मांडीवर ठेवली.

तोंडी परीक्षा पालघरच्या कॉलेजात झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, सुटात होते आणि मुंबईत मोठमोठे कार्यक्रम केलेले होते. त्यांनी जागृतीचा अहवाल चाळला, मागचीपुढची पानं पुन्हा पाहिली.

“तुमच्या कंपनीनं शिफारशीत त्या रिकाम्या खुर्चीचं फार कौतुक केलंय. अहवालात मात्र त्याबद्दल एक ओळ नाही. कशी सुचली ती कल्पना?”

“सुचली नव्हती, सर. त्या खुर्चीवर एक बाई बसणार होत्या.”

“मग?”

“त्यांना त्या वेळी दुसरीकडे जायचं होतं.”

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. शेजारी बसलेल्या बाई, ज्यांनी जागृतीला तीन वर्षं शिकवलं होतं, डोळ्यांनीच तिला सांभाळून बोल म्हणून सुचवू लागल्या.

“म्हणजे नियोजन फसलं होतं?”

“हो, सर. फसलं होतं.”

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांचा पेन थांबला, पुन्हा चालला.

“बरं. असाच प्रसंग पुन्हा तुमच्याकडे आला, तर काय कराल?”

जागृतीनं टेबलाच्या कडेवरचे हात मांडीवर घेतले.

“खुर्ची मांडणार नाही, सर.”